पाचव्या चाकाचे कूळ

विमानाचे एक चाक मोटारीच्या मागच्या भागात आडवे निजवायचे, त्याच्या मधल्या भोकात वरून एक खुंटा सोडायचा आणि त्या खुंट्यावर अख्ख्या फिरत्या घराची मान टेकवायची, ही कल्पना ग्लेन कर्टिस यांची. 4 जुलै 1908 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्टला ‘जून बग’ हे विमान जाहीरपणे एक किलोमीटरहून लांब उडवून दाखवणारे हेच ते कर्टिस. आयुष्याच्या उत्तरार्धात ते फ्लोरिडात स्थायिक झाले आणि 1928च्या सुमारास त्यांनी ‘एरोकार’ नावाची घरे बाजारात आणली. एरोकारचा सांगाडा विमानासारखाच लाकडी पट्ट्यांचा आणि ताणलेल्या तारांचा, म्हणून हलका. आडव्या टायरमधली हवा रस्त्याचे धक्के गिळून टाकी. 1930मध्ये कर्टिस गेले. आज अमेरिकी महामार्गांवर पिकअप ट्रकच्या हौद्यात मान ठेवून धावणारी दहा-दहा मीटर लांबीची ‘फिफ्थ व्हील’ घरे मात्र त्यांच्याच वंशातली आहेत.

मूळ पुरुष त्याहून जुना, घोडागाडीच्या काळातला. चारचाकी बग्गी वळायची तर पुढची आस चाकांसकट फिरायला हवी आणि वरचा भार पेलत फिरायला हवी. त्यासाठी आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक लोखंडी कडे आडवे बसवत. दिसायला ते चाकासारखे, म्हणून चार चाकांच्या गाडीतले ते पाचवे. मुंबईच्या रस्त्यांवर अगदी अलीकडेपर्यंत धावलेल्या व्हिक्टोरियांच्या पुढच्या आसावरही अशीच फिरती बैठक असे.

मोटारी आल्या तेव्हा ओढणाऱ्याची जागा घोड्याऐवजी इंजिनाने घेतली आणि कडे नव्या कामाला लागले. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या नॉक्स कारखान्यात 1909च्या सुमारास चार्ल्स मार्टिन यांच्या नावाने एक तीनचाकी ट्रॅक्टर तयार झाला. घोड्यांनी ओढायचे अवजड अग्निशामक बंब फेकून न देता त्यांच्या पुढे हा ट्रॅक्टर जोडता येत असे. मार्टिन यांचे मोठे काम पुढच्या दशकातले. त्यांनी फिरत्या बैठकीला पुढे-मागे झुलण्याची मुभा दिली. चढावर ट्रॅक्टरचे नाक वर जाते, ट्रेलर अजून सपाटीवर असतो. बैठक ताठ असती तर जोडाचे लोखंडच वाकले असते.

त्याच सुमारास, 1914मध्ये, डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांच्याकडे फ्रेडरिक सिब्ली हे लाकडाचे व्यापारी एक अडचण घेऊन आले. त्यांना आपली होडी फोर्ड मोटारीमागून तळ्यापर्यंत न्यायची होती. फ्रूहॉफ यांनी मोटारीची मागची बाजू कापून तिच्यावर टेकणारा दोनचाकी गाडा बांधला. पुढे चाके नाहीत, पुढचा भार ओढणाऱ्याच्याच अंगावर. म्हणून त्याला ‘सेमी-ट्रेलर’ म्हटले गेले. होडी नीट पोचल्यावर सिब्लींनी लाकूड वाहायलाही तसेच गाडे मागितले. न्हावा-शेव्याच्या बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे ट्रेलर आजही त्याच पद्धतीने जोडलेले असतात: खाली ग्रीस लावलेली पोलादी तबकडी, तिला मागून खाच, आणि खाचेत शिरून जबड्यात अडकणारा ट्रेलरचा खुंटा, म्हणजे किंगपिन.

या जोडाची खरी करामत जागेत आहे. बंपरमागच्या गोळ्यावर ट्रेलर अडकवला की भार मागच्या आसाच्याही मागे पडतो. माल मागे जास्त झाला की बैलगाडी उलाळते, तसे गाडीचे नाक हलके होते आणि सुकाणूची पकड सुटू लागते. बाजूचा वारा ट्रेलरला ढकलतो तेव्हा त्या मागे आलेल्या टोकाला गाडीची शेपटी हलवायला लांब तरफ मिळते. किंगपिन मागच्या आसावर किंवा जरासा पुढे बसवला की ही तरफच उरत नाही. म्हणून जिथे गोळ्यावर ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार ठेवतात, तिथे किंगपिनवर 15 ते 25 टक्के टाकता येतो.

नेमक्या याच वरदानाने ट्रक आणि ट्रेलरची जोडी जुळवण्याचे गणित बदलून टाकले. ट्रक आता नुसता ओढत नाही, तो पेलतो.

जाहिराती मात्र ओढण्याच्याच होत राहिल्या. 1973मध्ये शेवरलेटच्या एक-टनी पिकअपला मागे चार चाकांचा पर्याय आला, तो पेलण्याच्या दिशेने होता. त्यानंतर गाजला तो जोर. 1989च्या डॉज पिकअपमधले कमिन्सचे डिझेल इंजिन 160 अश्वशक्तीचे आणि 400 पौंड-फूट टॉर्कचे होते. 2019मध्ये त्याच घराण्यातल्या रॅम ट्रकमध्ये ते 400 अश्वशक्ती आणि 1,000 पौंड-फुटांवर पोचले. त्या ट्रकची ओढण्याची कमाल मर्यादा 35,100 पौंड, म्हणजे जवळपास 16 टन, सांगितली गेली.

आता एक साधा हिशेब. ‘पाऊण-टनी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पिकअपचे भरल्या अवस्थेतले कमाल वजन 10,000 पौंड, म्हणजे सुमारे 4,500 किलो असते. डिझेल इंजिनासह रिकामा ट्रकच 3,400 किलोंचा धरला तर पेलायला उरले 1,100. नवरा-बायको, दोन मुले, सामान आणि हौद्यात बसवलेला जोड मिळून 350 किलो सहज होतात. राहिले 750. साडेपाच टनांचा मध्यम ट्रेलर 20 टक्के भार टाकतो, तो 1,100 किलो! इंजिन हा ट्रेलर हसत ओढेल, पण मागचे टायर, स्प्रिंगा आणि आस मर्यादेबाहेर गेलेले असतील. ट्रकच्या चालकाच्या दारालगतच्या खांबावर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, याचा कागद चिकटवलेला असतो. जोडी जुळवताना सुरुवात तिथून व्हायला हवी. माहितीपत्रकावर छापलेला पिनचा भार बहुधा रिकाम्या ट्रेलरचा असतो, आणि पाणी, गॅस, भांडीकुंडी भरल्याशिवाय कुणी प्रवासाला निघत नाही.

ओढण्याच्या आकड्यांनाही बराच काळ कुणाचा चाप नव्हता. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची. 2008मध्ये अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे2807 हे मानक काढले. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा घाट कसोटी म्हणून धरला आहे: सुमारे 18 किलोमीटरमध्ये 900 मीटरची चढण, तापमान 38 अंश सेल्सिअस, वातानुकूलन पूर्ण चालू, आणि वेग ताशी 64 किलोमीटरखाली उतरता कामा नये. मागे चार चाके असलेल्या ट्रकांना थोडी सवलत आहे, 56ची. टोयोटाने 2011च्या टुंड्रासाठी हे मानक सर्वांत आधी पाळले आणि तिचा आकडा खाली आला. इतरांना पाठोपाठ यायला काही वर्षे लागली. स्पर्धक फुगवलेले आकडे छापत असताना आपला आकडा उतरवणे सोपे नव्हते, आणि टोयोटाला त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

मग हौद्याच्या लांबीचा प्रश्न. आठ फुटी हौद्यात किंगपिन आसावर ठेवूनही केबिन आणि ट्रेलर यांच्यात पुरेशी जागा उरते. साडेसहा किंवा साडेपाच फुटी हौद्यात अवघड वळणावर ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनची मागची काच फोडू शकतो. म्हणून वळताना किंगपिनला मागे सरकवणारे जोड निघाले. ते जड असतात, आणि त्यांचेही वजन त्या 750 किलोंतूनच जाते.

शेवटचा निवाडा काट्यावर. अमेरिकेतल्या ट्रक-थांब्यांवरचे वजनकाटे पुढची आस, मागची आस आणि ट्रेलरची चाके यांची वजने वेगवेगळी छापून देतात. जाणकार आधी जोडी पूर्ण भरून काट्यावर नेतात, मग ट्रेलर सोडून एकटा ट्रक पुन्हा मोजतात. दोन्ही पावत्यांमधल्या ट्रकच्या वजनाचा फरक म्हणजे किंगपिनवर खरोखर पडलेला भार. तो दारावरच्या कागदाशी ताडायचा. नाही जमले तर मोठा ट्रक घ्यायचा, नाहीतर लहान घर.