क्रांती होते कुठे, आणि होत नाही कुठे?

१/ १९७९ च्या फेब्रुवारीत इराणच्या शहाची राजवट कोसळली. त्याच वर्षी अमेरिकन अभ्यासक थेडा स्कॉचपोल यांचा राज्यसंस्था आणि सामाजिक क्रांती यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्रांती कोणत्या परिस्थितीत होते हे ग्रंथ सांगत होता; इराण मात्र त्या चौकटीत बसत नव्हता. तुलनात्मक राजकारणाची पद्धत समजून घेण्यासाठी हा प्रसंग फार उपयुक्त आहे. #थ्रेड

२/ 'फ्रान्समध्ये भाकरी महागली, म्हणून क्रांती झाली' हे विधान पटते. परंतु भाकरी इतरत्रही महागली होती; तेथे क्रांती का झाली नाही? सोळाव्या लुईला पुन्हा गादीवर बसवून, एक कारण वगळून, इतिहासाचा प्रयोग करता येत नाही. त्या प्रयोगाची जागा तुलना घेते.

३/ ही वाट जुनी आहे. अ‍ॅरिस्टॉटल व त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यव्यवस्थांची माहिती जमवली, असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सचे प्रकरणच बव्हंशी उपलब्ध आहे. इजिप्तमध्ये शेतीच्या हिशेबाच्या पपायरसमागे ते लिहिलेले सापडले आणि १८९१ मध्ये छापले गेले.

४/ तुलनेला तर्कशास्त्राची शिस्त जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये दिली. आपल्या न्यायपरंपरेतील अन्वय-व्यतिरेकाच्या जवळचा हा विचार. घटना जिथे घडली त्या भिन्न ठिकाणी समान काय, हा अन्वय. घडली आणि घडली नाही अशा सारख्या ठिकाणी वेगळे काय, हा व्यतिरेक. समाजाच्या अभ्यासात या पद्धती पुरेशा ठरतील का, याविषयी मिल स्वतः साशंक होता.

५/ स्कॉचपोल यांनी दोन्ही वापरल्या. फ्रान्स (१७८९), रशिया (१९१७) आणि चीन (१९११ ते १९४९): धर्म, काळ, विचारसरणी सारेच वेगळे. समान काय? बलाढ्य परराष्ट्रांच्या दडपणाखाली खिळखिळी झालेली राज्ययंत्रणा आणि स्वतःहून उठाव करू शकणारा शेतकरी.

६/ आता व्यतिरेक. येना येथील १८०६ च्या पराभवानंतरचा प्रशिया आणि १८६८ नंतरचा जपान यांच्यावरही बाहेरचे दडपण होते. पण तेथे सुधारणा वरून झाल्या. त्या अडवण्याइतके राजकीय बळ जमीनदारांपाशी नव्हते, असे स्कॉचपोल मांडतात. रशियातच १९०५ ची क्रांती फसली, कारण जपानशी युद्ध संपले आणि सैन्य उठाव चिरडायला मोकळे झाले.

७/ मग इराण? तेथील सैन्य कोणत्याही युद्धात हरलेले नव्हते. उठाव खेड्यांत नव्हे, शहरांत झाला. बाजारातील व्यापारी, धर्मगुरू, विद्यार्थी आणि तेलकामगार त्यात होते. क्रांत्या कोणी 'घडवत' नाही, त्या घडतात, असे ग्रंथाचे प्रतिपादन होते. १९८२ च्या लेखात स्कॉचपोल यांनी मान्य केले की इराणची क्रांती जाणीवपूर्वक घडवलेली होती. तेलाच्या उत्पन्नावर जगणारे राज्य आणि शिया संघटन यांचा विचार त्यांना नव्याने करावा लागला.

८/ १९९० मध्ये बार्बरा गेडिस यांनी आणखी मूलभूत आक्षेप घेतला. मुख्यतः क्रांती झालेलेच देश निवडले, तर समान दिसणारे घटक खरोखर कारण आहेत की नाहीत, हे कळणार कसे? त्यांनी लॅटिन अमेरिकेकडे पाहिले. १८७९ ते १८८३ च्या युद्धात पेरू चिलीकडून हरला. सामाजिक क्रांती झाली नाही. क्यूबात परकीय पराभवाविनाच १९५९ मध्ये क्रांती झाली. या दोषाला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात.

९/ दुसरी अडचण आरेंड लाइपहार्ट यांनी १९७१ मध्येच नोंदवली होती: देश थोडे, संभाव्य कारणे अनेक. उपाय म्हणजे उदाहरणे वाढवणे, कारणांची संख्या आटोक्यात ठेवणे, किंवा बहुतेक बाबतींत सारखे असलेले देश निवडणे. प्रत्येक उपायाची किंमत असते. उदाहरणे वाढली की प्रत्येकाच्या इतिहासाची खोली घटते.

१०/ स्कॉचपोल यांचा ग्रंथ आजही वाचला जातो, कारण तो कुठे चुकू शकतो हे तपासता येईल इतक्या स्पष्टपणे लिहिला आहे. 'अमुक कारणामुळे साम्राज्य कोसळले' असे विधान पुढे आले, तर आधी एक प्रश्न विचारावा: तेच कारण असूनही न कोसळलेले साम्राज्य कोणते?