धार झेलणारं मडकं

गोव्यात काजूच्या हंगामात सत्तरी, केपे, सांगे या बाजूला भट्ट्या पेटतात. चुलीवर भाण, भाणात आंबलेला काजूचा रस. भाणाच्या तोंडापासून निघालेली नळी एका दुसऱ्या बंद मडक्यात शिरते. जुन्या पद्धतीच्या भट्टीत या दुसऱ्या मडक्यावर गार पाणी ओतत राहतात, किंवा ते पाण्यातच बसवतात. वाफ तिथवर जाते, निवते आणि दारू होते. आता बहुतेक ठिकाणी पाण्याच्या टाकीतून वेटोळी घेत जाणारी तांब्याची नळी आली आहे. पण माझं सगळं लक्ष आहे ते त्या जुन्या, धार झेलणाऱ्या मडक्याकडे.

कारण हेच मडकं पेशावरजवळ चारसद्द्याला सापडलं आहे. तिथल्या शैखान ढेरी या टेकाडाचं उत्खनन अहमद हसन दानी यांनी १९६३-६४ मध्ये केलं, आणि एकाच तऱ्हेची, गोल पोटाची, आखूड नळकांडीसारख्या तोंडाची शंभराहून अधिक मडकी वर आली. त्याआधी तक्षशिलेला जॉन मार्शल यांनी अशाच भांड्यांची जुळणी करून दाखवली होती: खाली उकळणारं भांडं, वर झाकण, बाजूला नळी आणि पाण्याच्या परातीत बसवलेलं झेलमडकं. १९७९ साली रेमंड ऑल्चिन यांनी हे दोन्ही पुरावे एकत्र मांडले आणि दारू गाळण्याचं मूळ घर भारतीय उपखंडच असावं, असं सुचवलं. काळ साधारण इसवी सनाच्या आगेमागे. त्यांच्या निबंधातली आकृती आणि गोव्याची जुनी भट्टी शेजारी ठेवली, तर फरक शोधावा लागतो.

आकृती जुळते एवढ्यावर कुळ जुळत नाही, हे मान्य. म्हणून रचनेत शिरायला हवं. दारू गाळताना खरा प्रश्न एकच असतो: वाफ निववायची कुठे? भूमध्य समुद्राकडच्या जुन्या यंत्रात ती वरच्या टोपातच निवते. टोपाच्या आतल्या कडेला पन्हळ असते, त्यात थेंब जमून बाहेर येतात. विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडहॅम यांनी ज्याला मंगोल प्रकार म्हटलं, त्यात वर गार पाण्याचं भांडं ठेवतात, त्याच्या बुडाला वाफ निवते आणि थेंब आतच ठेवलेल्या वाटीत पडतात. मोहाची दारू अनेक आदिवासी गावांत याच धर्तीवर गाळतात. अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'मध्ये उसाची दारू गाळण्याच्या तीन पद्धती दिल्या आहेत, त्यांतली पहिली हीच. वाफ निववण्याची तिसरी रीत गांधाराची, म्हणजे चारसद्दा-तक्षशिलेच्या मुलखाची. तिच्यात टोप काहीच निववत नाही, नळी फक्त वाट दाखवते आणि सगळं काम झेलणाऱ्या मडक्यावर पडतं. नीडहॅम यांनी तिला नावच गांधार प्रकार असं दिलं.

आता प्रतिपक्ष. पहिला सांगतो, गोव्याला दारू गाळायला पोर्तुगीजांनी शिकवलं. काजू त्यांनी ब्राझीलमधून आणला हे निर्विवाद. म्हणून भट्टीही त्यांचीच, असा हिशेब केला जातो. पण गार्सिया द ऑर्ता हा वैद्य १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात माडाच्या सुरेपासून गाळलेल्या दारूच्या दोन प्रती सांगतो, एक 'फुला' आणि दुसरी 'ओर्राका'. 'फुला' म्हणजे फूल हेही तोच लिहितो. गोवा पोर्तुगीजांकडे गेला १५१० मध्ये. अवघ्या पन्नास वर्षांत परक्यांकडून विद्या शिकून तिच्या प्रतींना लोकांनी आपल्या बोलीतली नावं दिली आणि ती रूढही झाली, हे मला पटत नाही. शिवाय पोर्तुगीजांचं अलांबिक टोपात निववणाऱ्या घराण्यातलं. त्यांच्याकडून शिकलेल्यांनी टोप सोडून मडक्यालाच का पाणी घालावं?

दुसरा प्रतिपक्ष अधिक वजनदार आहे. 'ओर्राका', म्हणजे आजचा उर्राक, हा अरबी 'अरक'चा वंशज, तेव्हा विद्या अरबांची. शब्द त्यांचा हे खरंच. पण कोकणच्या बंदरांत अरबी शब्द शेकड्यांनी उतरले, आणि ज्या ज्या वस्तूला तो शब्द चिकटला ती वस्तूही गलबतातून आली असं कुणी म्हणत नाही. माल विकायचा तर गिऱ्हाइकाचा शब्द वापरावा लागतो. अरक हा व्यापाराचा शब्द होता, मडकं व्यापाराचं नव्हतं.

तिसरा वार सगळ्यांत अवघड. जेम्स मॅक्ह्यू यांनी २०२१ च्या आपल्या ग्रंथात प्राचीन भारतीय मद्यांचा कसून धांडोळा घेतला. संस्कृत ग्रंथांतल्या सुरेच्या जुन्या कृती आंबवण्याच्या आहेत. गाळण्याचं स्पष्ट वर्णन त्यांत नाही. मग शैखान ढेरीच्या मडक्यांत होतं काय? गांधार आणि गोवा यांच्यामध्ये हजार वर्षांहून मोठी पोकळी आहे, आणि ती भरणारं एकही मडकं माझ्याकडे नाही.

माझ्याकडे कनौज आहे. तिथले अत्तरवाले आजही देग आणि भपका वापरतात: देगेत फुलं आणि पाणी, बांबूचा चोंगा, आणि पाण्याच्या हौदात बसवलेला भपका. वाफ निवते ती भपक्यातच. अंगोपांगांसह हा गांधार प्रकार आहे, आणि कनौजला पोर्तुगीज गेले नव्हते. म्हणून माझं ठाम मत असं: हे मडकं मधली शतकं सुगंध आणि औषधांच्या घरांत जगलं आणि दारूकडे नंतर वळलं. रसशास्त्रात पारा उडवून निववणारं तिर्यक्पातन यंत्र आहे, राजस्थानात झावरला जस्ताची वाफ धरून धातू काढत होते. वाफ धरणं या देशाला नवं नव्हतं. दारूच्या ग्रंथांत या विद्येचा उल्लेख नाही, कारण ती तेव्हा दारूवाल्यांची नव्हतीच.

ती घराघरांत केव्हा पोचली, याचा जबाब सुलतानशाहीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी देतो. अलाउद्दीन खिलजीने दिल्लीत दारूबंदी केली. लोक चोरून गाळू लागले, कातडी बुधल्यांत भरून, गवताच्या आणि सरपणाच्या भाऱ्यांत लपवून शहरात आणू लागले. सुलतानाने गुन्हेगारांसाठी विहिरीसारखे खड्डे खणले, त्यांत माणसं मेली. तरी थांबेना. अखेर हुकूम सैल झाला: कुणी आपल्या घरात गाळली, घरातच प्याली, मैफल भरवली नाही आणि विकली नाही, तर खबऱ्यांनी त्याच्या दारात जाऊ नये. ही गोष्ट १३१६ च्या आधीची, वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या पावणेदोनशे वर्षांहून आधीची. ज्या विद्येसाठी सुलतानाला असा हुकूम काढावा लागतो, ती एव्हाना चुलीपाशी मुरलेली असते.

या सवलतीचंही कुळ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावरच्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात कुटुंबाला कार्यप्रसंगी घरची सुरा आणि औषधासाठी अरिष्ट नावाचं मद्य करायची मुभा आहे, उत्सव-जत्रेला चार दिवसांची सूट आहे. गाळलेली असो वा आंबवलेली, तत्त्व एकच: घरचं घरात, विकायला नाही.

हे तत्त्व मोडलं ते मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने. गाळप ठरावीक भट्ट्यांत गोळा झालं, उरणच्या भट्ट्यांतून मुंबईला दारू जाऊ लागली, मक्ते लिलावात गेले. घरची भट्टी महसुलाला भगदाड ठरली. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा आला. जे फूल वारली-कातकरी घरांत पोटाला खायचं, ते बाळगणं संशयाचं झालं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ ने हीच वाट पुढे नेली: गाळणं तर गुन्हा आहेच, गाळण्यासाठी भांडं आणि साहित्य बाळगणंही गुन्हा. त्यामुळे तेच मडकं गोव्यात अबकारी परवान्याने चालतं, तिथल्या काजूफेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि दोडामार्गाच्या अलीकडे, महाराष्ट्रात, ते पंचनाम्यात जातं.

विषाचा प्रश्न इथेच येतो, आणि तो मी टाळणार नाही. फळ किंवा फूल आंबवताना मिथेनॉल तयार होतं, पण अगदी थोडं. ते पहिल्या धारेत निघून जातं आणि पुढची धार निर्धोक होते, हा समज चुकीचा आहे. त्याचा उत्कलनबिंदू ६४.७ अंश आणि इथेनॉलचा ७८.४ असला, तरी मिश्रणात ते असं वेगळं निघत नाही, थोडं थोडं शेवटपर्यंत येत राहतं. म्हणजे कुणी कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलं असेल, तर घरच्या भट्टीवर पुन्हा गाळूनही ते काढता येणार नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली ती अशा मिसळलेल्या मिथेनॉलने. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी डोळे जातात. घरच्या भट्टीचे स्वतःचे धोके निराळे आणि तेही जिवावरचेच: नळीचं तोंड चोंदलं तर भाण फुटतं, लिंपण सुटलं तर वाफ जाळ धरते, शिशाच्या डाखाची नळी किंवा रसायनाचं जुनं पिंप दारूत विष सोडतं. वारुळाच्या मातीने सांधा लिंपणारा आणि धारेवरून हात न हलवणारा गोव्याचा जुना भट्टीवाला यातलं बरंचसं जाणतो. रात्री खाडीच्या कांदळवनात, काळा गूळ आणि नवसागर टाकून, धाड पडायच्या आत उरकणाऱ्याला ते जाणायला उसंत नसते.

मेळघाटच्या पलीकडे मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबाला ठरावीक प्रमाणात घरच्यापुरती मोहाची दारू गाळायची मुभा आहे, विक्रीची नाही. बरनीने नोंदवलेली अट ती हीच. २०२१ मध्ये त्या राज्याने मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून परवाने द्यायचंही जाहीर केलं. अलीकडच्या कोरकू घराला हीच मुभा मिळावी, तिच्याबरोबर चांगल्या तांब्याचं भांडं आणि गावात मिथेनॉल तपासायची सोयही यावी, असं मला मनापासून वाटतं.