सेवाग्रामचा टेलिफोन

वर्ध्याहून सुमारे पाच मैलांवर असलेल्या सेवाग्राम आश्रमात जाणाऱ्या यात्रिकाच्या दृष्टीस प्रथम पडतो तो तेथील साधेपणा. माती, बांबू व कौले यांनी उभारलेल्या कुट्या, बसावयास चटई, लिहावयास ठेंगणे मेज. साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि धरलेला साप रानात नेऊन सोडीपर्यंत ठेवण्याचा पिंजराही तेथे जपून ठेवला आहे. या सर्व वस्तूंत एकच वस्तू परकी वाटते. ती म्हणजे टेलिफोन. १९३६ ते १९४३ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावे, एवढ्यासाठी सरकारने तो बसविला होता.

साम्राज्याचा सर्वाधिकारी आणि त्या साम्राज्याचा सर्वांत मोठा प्रतिपक्षी यांना जोडणारी ही तार होती. आणि ती तार प्रतिपक्ष्याच्या मालकीची नव्हती, सर्वाधिकाऱ्याच्या खात्याची होती. यंत्र घरात शिरते ते सोयीचे नाव घेऊन. परंतु त्याचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न सोयीच्या आनंदात सहसा कोणी विचारीत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन आहे. म्हणून सेवाग्रामच्या त्या जुन्या यंत्राची कथा ही केवळ संग्रहालयातील कथा राहिलेली नाही.

या कथेचा आरंभ मात्र वर्ध्यास होत नाही; तो होतो दक्षिण आफ्रिकेत. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची विद्या प्रथम व्यवस्थित रीतीने उभी राहिली ती हिंदुस्थानातच. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी स्थापन झाली. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांचे नाव त्या पद्धतीस मिळाले. तिची वर्गवारी बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचे श्रम होते. हेच हेन्री १९०० साली पोलीस व्यवस्थेसाठी दक्षिण आफ्रिकेस पाठविले गेले. पुढे १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने असा कायदा योजिला की, प्रत्येक हिंदी माणसाने सरकारदरबारी नाव नोंदवावे, बोटांचे ठसे द्यावे आणि पोलिसाने मागताक्षणी परवाना दाखवावा. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात भरलेल्या सभेने हा कायदा न पाळण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म तो हाच. जगाच्या इतिहासातील एक थोर चळवळ बोटांच्या ठशांवरून सुरू झाली, ही गोष्ट आज पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे.

परंतु त्यापुढील घटना अधिक बोधप्रद आहे. जानेवारी १९०८ अखेर जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. हिंदी लोकांनी आपण होऊन नोंदणी करावी, म्हणजे सक्तीचा कायदा मागे घेऊ, असे गांधीजी समजले. १० फेब्रुवारीस ते स्वतः नोंदणीस निघाले. हा विश्वासघात होय, असे मानणाऱ्या मीर आलम नावाच्या पठाणाने त्यांना वाटेत मारहाण केली. तरीही बिछान्यावर पडल्या पडल्या त्यांनी आपले ठसे दिले. कायदा मात्र रद्द झाला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीसमोर मोठ्या कढईत दोन हजारांच्या वर परवाने जाळण्यात आले. वरवर पाहता यात विसंगती दिसते. जे बोट सहा महिन्यांपूर्वी शाईत बुडविले, त्याच बोटाने आता परवाना अग्नीत टाकला! विचारांती विसंगती उरत नाही. आक्षेप ठशाला नव्हता, सक्तीला होता. स्वखुशीने दिलेली ओळख हा विश्वासाचा व्यवहार होय; हिसकावून घेतलेली ओळख ही बेडी होय.

हा भेद ध्यानी धरूनच सेवाग्रामकडे वळले पाहिजे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेथे न पक्का रस्ता, न टपालकचेरी. बुलढाणा जिल्ह्यात रेल्वेच्या हमरस्त्यावर शेगाव हे प्रसिद्ध गाव आहे. नामसादृश्यामुळे पत्रे तिकडे जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये गावाचे नावच सेवाग्राम असे ठेवण्यात आले. टपालाच्या घोटाळ्यामुळे एखाद्या गावास जगप्रसिद्ध नाव मिळावे, हाही दैवाचा एक खेळच.

या आश्रमातून जाणारे टपाल सरकारी हातांतूनच जाई. १८९८ च्या पोस्ट कायद्याचे २६ वे कलम सरकारास पत्र अडविण्याची मुभा देत होते; १८८५ च्या तार कायद्याचे ५ वे कलम तारेस तोच नियम लावीत होते. सार्वजनिक आणीबाणी अथवा सार्वजनिक सुरक्षितता ही त्यासाठी लागणारी कारणे. आणि ती उद्भवली आहेत की नाहीत, हे ठरविणारेही सरकारच. त्या काळच्या मनुष्यचलित एक्स्चेंजमध्ये तर चोरून ऐकण्यास मोठ्या साहित्याची गरजच नव्हती. बोलणाऱ्याची तार एका खुंटीवर, ऐकणाऱ्याची दुसऱ्या खुंटीवर. मधली दोरी जोडणारा चालक कानास यंत्र लावून बसलेलाच असे. संभाषण गुप्त राहिले तर ते त्या चालकाच्या सभ्यपणामुळे, यंत्राच्या रचनेमुळे नव्हे.

येथे एक शंका सहज उद्भवते. गांधीजी गुप्ततेचे कट्टर विरोधक. लढ्यातील छुपे डावपेच त्यांना हिंसेचेच भावंड वाटत. ज्याने काही लपविलेच नाही, त्यास तारेवर कोणी ऐकले तर भय कसले? आजही हाच युक्तिवाद घरोघर ऐकू येतो: ‘आपण काही वावगे करीत नाही, मग कोणी पाहिले म्हणून काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर १९४२ च्या घडामोडींतच सापडते. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस अलाहाबादेस काँग्रेस कार्यकारिणीची बैठक होती. गांधीजी सेवाग्रामीच राहिले आणि ठरावाचा मसुदा त्यांनी मीराबेनच्या हाती पाठविला. बैठकीत त्यावर मोकळेपणी मतभेद झाले, शब्द बदलले, वाद झाले. कोणत्याही प्रामाणिक चर्चेत होतात तसे. पुढे पोलिसांनी अलाहाबादच्या काँग्रेस कचेरीवर छापा घातला, कागद उचलले, आणि मुंबईस ‘छोडो भारत’ ठराव होण्याच्या तोंडावर, ऑगस्टच्या आरंभी, ती खाजगी टिपणे सरकारने छापून प्रसिद्ध केली. हेतू हा की, जगापुढे नेत्यांची अब्रू जावी व त्यांच्यात फूट दिसावी.

या कागदांत कट नव्हता, गुन्हा नव्हता. होता तो केवळ विचार करण्याचा कच्चा खर्डा. मनुष्य आपल्या माणसांत बसून जे बोलतो, ते त्याचे अंतिम मत नसते. तो अडखळतो, चुकतो, ऐकतो, पुन्हा ठरवितो. हा खर्डा जर कोणीतरी उचलून चव्हाट्यावर मांडणार असेल, तर माणसे खर्डा लिहिणेच सोडतील. आणि ज्या समाजात खर्डा लिहिला जात नाही, तेथे शुद्ध प्रत कोठून येणार? खाजगीपणाची आवश्यकता चोरास असते त्याहून विचारी माणसास अधिक असते. उघडेपणा हे सद्गुण होय; पण तो स्वतःचा असावा लागतो. दाराची कडी घरधन्याने काढली तर ते आतिथ्य, बाहेरच्याने काढली तर ती घरफोडी.

यंत्राविषयी वर्ध्याने देशास दिलेला निकष येथे स्मरण्याजोगा आहे. गांधीजी सरसकट यंत्रद्वेष्टे होते, हा समज बरोबर नाही. शिवणाच्या यंत्राची त्यांनी मनापासून वाखाणणी केली होती. १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा त्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी व तो वीस वर्षे टिकावा, अशा अटी घातल्या होत्या. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत डॉ. जे. सी. कुमारप्पा यांनी चालविले. गोड्या तेलावर जळणारा मगन दिवा तेथलाच; १९३८ मध्ये उघडलेले मगन संग्रहालय आजही तेथे आहे. या साऱ्या उपकरणांत एक समान गुण दिसतो. वापरणाऱ्यास ते समजते, उघडता येते, गावात दुरुस्त करता येते, आणि ते आपल्या धन्याविषयी कोणाकडे चहाडी करीत नाही. मगन दिवा किती वाजता विझला, हे विझविणाऱ्यावाचून कोणास कळत नसे.

स्वातंत्र्यानंतर ही कडी घरधन्याच्या हाती द्यावी, असा प्रयत्न झाला नाही असे नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये सादर केलेल्या निवेदनात घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांस अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. कन्हैयालाल मुनशी यांनी आपल्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या प्रतिनिधीने, म्हणजे वर्धा ज्या प्रांतात होते त्याच प्रांताच्या सभासदाने, घटना समितीत तशी उपसूचना मांडली व डॉ. आंबेडकरांनी तिला अनुकूलता दर्शविली. तथापि मतदान लांबले आणि अखेर ते कलम घटनेत आले नाही. इंग्रजांचे तार व पोस्ट कायदे मात्र राहिले. राज्यकर्ते बदलले, तरी चाव्यांचा जुडगा त्याच खुंटीवर राहिला.

१९८६ मध्ये टपाल उघडण्याचे अधिकार वाढविणारे विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. ते तसेच पडून राहिले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन ऐकण्यास बंधने घातली: हुकूम गृहसचिवाचा हवा, तो दोन महिन्यांत संपावा, सर्व मिळून सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि समितीने त्याची फेरतपासणी करावी. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय. त्या नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडे होते, आणि धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राने तर त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड ज्यात सहभागी होते तो १९७६ चा आणीबाणीतील निर्णय चुकीचा ठरविला. पुत्राने पित्याचा निर्णय फिरवावा, आणि तोही नागरिकाच्या बाजूने, हा न्यायाच्या इतिहासातील दुर्मिळ प्रसंग होय.

या निकालामागे जो वाद होता, तो पुन्हा दहा बोटांचाच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे व छायाचित्र घेऊन ते दिले जातात. ट्रान्सवालच्या कायद्याशी याची तुलना करणे अन्यायाचे होईल. तेथे हेतू हाकलण्याचा होता, येथे गरिबास त्याचे धान्य व पैसा पोहोचविण्याचा आहे. परंतु ‘स्वखुशीने’ हा शब्द दोन्हीकडे होता, आणि स्वखुशी हळूहळू सक्ती होत जाते, हा धडाही दोन्हीकडे आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा बहुमताने कायम ठेवला, पण खाजगी कंपन्यांस त्याची मागणी करू देणारी तरतूद रद्द केली, ती याच भयापोटी.

२०२३ साली तार व पोस्ट यांचे जुने कायदे जाऊन नवे कायदे आले. अडविण्याचा व ऐकण्याचा अधिकार दोहोंत कायम राहिला. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचाही कायदा झाला. त्याची पूर्वतयारी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्येच करून दिली होती. परंतु नव्या कायद्यात सरकारास आपल्या संस्थांना त्यातून मोठी सूट देता येते. राज्यकारभारास कधी कधी कान लावावा लागतो, हे खरे. दरोडेखोर व घातपाती हेही टेलिफोन वापरतात, आणि त्यांचा पाठलाग करू नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही. वाद कान लावण्याचा नाही. कोणाच्या हुकुमाने, किती दिवस, आणि चुकीचा कान लावला तर जाब कोण देणार, याचा आहे.

सेवाग्रामच्या टेलिफोनवर कोणी बोलले तरच ऐकण्याजोगे काही असे. आजचे यंत्र मौनातही बोलते. धनी कोठे आहे, कोणास केव्हा हाक मारली, काय वाचले, कोणती वस्तू पाहून सोडून दिली, हे सर्व ते नोंदविते. आणि तो चोपडा सरकारापाशीच नव्हे, तर सातासमुद्रांपलीकडील व्यापाऱ्यांपाशी राहतो. पूर्वीच्या एक्स्चेंजमध्ये चालकास दमणूक होती, विस्मरण होते, घरी जाण्याची वेळ होती. नव्या चालकास यांपैकी काहीच नाही. म्हणून केवळ सभ्यपणावर विसंबण्याचे दिवस गेले. संरक्षण यंत्राच्या रचनेत हवे, कायद्याच्या अक्षरात हवे, आणि त्याहूनही अधिक लोकांच्या जागरूकतेत हवे.

गांधीजींनी २५ ऑगस्ट १९४६ रोजी सेवाग्राम सोडले. ते पुन्हा परतले नाहीत. त्यांनी टेलिफोन फोडला नाही की त्याची पूजाही मांडली नाही. तो कोणी दिला व कशासाठी दिला, हे त्यांना पक्के ठाऊक होते. नवे उपकरण विकत घेताना त्याचा रंग, वेग व किंमत यांची चौकशी घराघरांत होते. त्या चौकशीत आणखी एका प्रश्नाची भर पडावी: याचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे? एवढा प्रश्न विचारण्याची सवय मुलांस लागली, तरी दाराची कडी पुष्कळ अंशी घरधन्याच्या हाती राहील.