आव्यातली पिले

इतिहासाच्या ग्रंथांत घोड्यांची नावे सापडतात, हत्तींची सापडतात. मांजराला मात्र तेथे जागा नाही. लढाईत तिचा उपयोग नाही, मिरवणुकीत ती चालायची नाही आणि राजाने हाक मारली तरी मनात असेल तरच येणार! असल्या स्वतंत्र प्रकृतीच्या प्राण्याची बखर कोण लिहिणार? तरीही आपल्या घराचा इतिहास लिहायचा तर माळ्यावरच्या अंधारात, जुन्या गोधडीत व्यालेल्या मांजरीला वगळून तो पुरा होणार नाही. तिची पिले जगावीत म्हणून माणसाने काय काय केले आणि का केले, हीच ती कथा.

नाशिकहून पश्चिमेकडे, गुजरातच्या वाटेला लागले की पेठचा डोंगराळ मुलूख येतो. १८७८ पर्यंत हे एक लहानसे संस्थान होते. १८५७ च्या उठावात येथल्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिले, एवढे इतिहास सांगतो. पण त्याच मुलखातल्या कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांनी आपली नागली आणि वरई वर्षभर कशी राखली, हे तो सांगत नाही. पाऊस मुसळधार, भिंती कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या, आणि धान्य बांबूच्या कणगीत. अशा घरात शिरायला उंदराला दार लागत नाही. मूठभर नागलीवर ज्यांचा आषाढ-श्रावण निघायचा, त्यांना कणगीच्या राखणदाराचे मोल शिकवावे लागत नसे. मांजर हा आजचा राखणदार आणि तिची पिले म्हणजे पुढच्या सुगीचे.

माणूस आणि मांजर यांची सोयरीक मुळी धान्यापासूनच जमली. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कोठारे भरली, उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. ही बातमी २००४ साली जगाला कळली. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे कोणीतरी ती होडीत घालून समुद्रापलीकडून नेली होती! आपल्याकडे कौटिल्यानेही हा हिशेब पक्का ओळखला होता. उंदरांचा उपद्रव झाला तर मांजरे आणि मुंगसे सोडावीत, असे अर्थशास्त्रात सांगून तो थांबत नाही. त्यांना जो पकडील किंवा मारील त्याला बारा पणांचा दंड, असेही बजावतो.

दंड राजाचा, तसा धर्माचाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारण्याला प्रायश्चित्त सांगितले आहे. आपल्या आजीबाईंनी मनुस्मृती वाचलेली नव्हती. पण ‘मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते’ हे त्यांना पाठ होते. सोन्याचा भाव आणि काशीचे अंतर मनात आणले की हातातली काठी आपोआप खाली येई. पोरांनी पिलांना छळू नये म्हणून याहून सोपा कायदा कोणत्या सरकारला सुचला असता?

अशी दोन कुंपणे मांजरीच्या भोवती होती, एक उपयोगाचे आणि दुसरे भयाचे. पण मराठी मनाने तिसरेही एक घातले, आणि ते या दोहोंहून थोर आहे. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पुरा केला. त्यात पंढरपूरच्या राका कुंभाराची कथा येते. राकाने कच्ची मडकी आव्यात रचली होती. त्यांतल्या एका मडक्यात मांजरीने पिले घातली होती, हे त्याला ठाऊक नव्हते. आवा पेटला. मांजरी चारा शोधून परत आली तो चहूकडे आग! ती आव्याभोवती घिरट्या घालून आक्रोश करू लागली, तेव्हा राकाला उमगले. आग आता विझवता येईना. त्याने पांडुरंगाला आळवले, की ही पिले वाचव, मी संसार सोडून देतो. आवा निवला तेव्हा सारी मडकी भाजली होती. एक तेवढे कच्चेच राहिले होते, आणि त्यात पिले जिवंत होती. राकाने शब्द पाळला. घरदार लुटवले आणि रानातल्या वाळक्या काटक्यांवर तो गुजराण करू लागला.

चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतला माणूस उरतोच. राकाने पाप केले नव्हते. त्याच्या हातून घडले ते एवढेच, की जाळ लावण्यापूर्वी त्याने मडक्यात डोकावून पाहिले नाही. तेवढ्यासाठी त्याला आपला सारा संसार हलका वाटला. त्या पिलांचा त्याला काहीएक उपयोग नव्हता, आणि काशीच्या सोन्याची त्याला भीतीही नव्हती. आईचा आक्रोश त्याला कळला, इतकेच.

ही आई आहेही तशीच. दक्षिणेतल्या वैष्णव आचार्यांत, भक्ताने देवाला घट्ट धरावे की देवच भक्ताला उचलतो, असा मोठा वाद झाला. वानराचे पिलू आईच्या पोटाला आपण होऊन बिलगते. मांजरीचे पिलू मात्र काहीच करीत नाही, आई त्याला मानेच्या कातडीला धरून नेईल तिकडे ते जाते. या दुसऱ्या पक्षाला ‘मार्जारकिशोर न्याय’ हे नाव पडले. तत्त्वज्ञांना जो दृष्टांत सापडला, तो कोणाच्या तरी माळ्यावर रोज घडत होता. मांजर पिलांना सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो. त्यात हौस नाही. बोका पिले मारतो, वास माग काढू देतो, माणसे सारखी डोकावतात. म्हणून ती बिऱ्हाड हलवते.

उपयोगाचे कुंपण पुन्हा एकदा चर्चेत आले ते प्लेगच्या दिवसांत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तेथून तो गावोगाव पसरला. नाशिक जिल्ह्यातल्या भगूरला १८९९ साली सावरकर बंधूंचे वडील त्यातच गेले. १८९८ साली पॉल लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले. पुढे अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडले, की ज्या गावांत मांजरे भरपूर, तेथे प्लेग कमी. तेव्हा मांजरे पाळा. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज आपण जाणतो, आणि तो उपाय दिसतो तितका साधा नव्हता. पण वऱ्हाडातल्या चुलीजवळची मांजर विलायतेतल्या डॉक्टरांच्या चर्चेचा विषय झाली, ही मौज काही थोडी नाही.

आज काय उरले आहे? धान्य पत्र्याच्या डब्यांत गेले, उंदरांसाठी विष मिळू लागले. उपयोगाचे कुंपण पडले. काशीच्या सोन्याला कोणी भीत नाही, भयाचेही पडले. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, पण माळ्यावर शिपाई कोण ठेवणार? राहिले ते राकाचे कुंपण.

दिवाळीची झाडलोट ही तर त्याची परीक्षाच. माळ्यावरचे गाठोडे ओढण्यापूर्वी हाताने चाचपावे. आत डोळे मिटलेली पिले असतील तर तो कोपरा यंदा तसाच राहू द्यावा. त्यांचे डोळे सात ते दहा दिवसांत उघडतात; पहिले काही आठवडे त्यांना स्वतःची ऊबही धरता येत नाही, ती आईकडूनच मिळते. हलवणे भागच असेल तर जवळच्याच अंधाऱ्या जागी खोक्यात जुने लुगडे अंथरावे. पसंत पडले तर ती आपण होऊन पिले नेईल. तिला पोटभर खायला आणि पाणी द्यावे. पिलांना गाईचे दूध पाजू नये, ते त्यांना बाधते. फटाके त्या भिंतीपासून दूर उडवावेत. पिले दूध सोडून खायला लागली की आईवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे तिच्या कुडीलाही विसावा मिळेल.

यात फार काही करायचे नाही. बरेचसे करायचे टाळायचेच आहे. उंबऱ्यावर ज्या पणत्या आपण ओळीने मांडतो, त्याही कोणा कुंभाराच्या आव्यातून भाजून आलेल्या असतात. त्या उजळताना राकाची एवढीच आठवण ठेवावी, की जाळ लावण्यापूर्वी एकदा मडक्यात डोकावून पाहावे.