लेखणीला आधार : लंडनच्या एका साहित्य-निधीचा इतिहास

कोणत्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते. परंतु ते पुस्तक लिहिले जात असताना त्या लेखकाच्या घरी चूल कशी पेटत होती, घरभाडे कोणी भरले, मुलाबाळांच्या औषधपाण्याचे काय झाले, हे पुस्तकात कोठेच लिहिलेले नसते. विद्यार्थी परीक्षेसाठी लेखकाचे जन्मसाल आणि ग्रंथांची नावे पाठ करतात. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न अभ्यासक्रमात येत नाही. हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला, अशा एका संस्थेची हकिगत येथे थोडक्यात सांगावयाची आहे. संस्थेचे नाव रॉयल लिटररी फंड. तिची स्थापना १७९० साली लंडन येथे झाली आणि गरजू लेखकांना मदत करण्याचे तिचे काम आजही चालू आहे.

या संस्थेच्या जन्मामागे एक दुःखद घटना आहे. फ्लॉयर सिडनहॅम नावाचे एक वृद्ध पंडित लंडनमध्ये राहत असत. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याचे संवाद इंग्रजीत आणण्याच्या कामी त्यांनी आपले आयुष्य वेचले. विद्वानांनी त्या कामाची वाखाणणी केली. पण वाखाणणीने पोट भरत नाही. एका खाणावळवाल्याचे देणे थकले, त्याबद्दल त्यांना अटक झाली आणि १७८७ साली त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती. ज्या माणसाने आपल्या भाषेला प्लेटो दिला, त्याला ती भाषा बोलणाऱ्या समाजाने दोन वेळचे जेवण देऊ नये, ही गोष्ट अनेकांच्या जिव्हारी लागली.

त्यांपैकी एक होते डेव्हिड विल्यम्स. हे वेल्स प्रांतातील धर्मोपदेशक. त्यांनी लंडनजवळ चेल्सी येथे शाळा चालविली होती आणि १७७४ मध्ये शिक्षणावर ग्रंथही लिहिला होता. अडचणीत सापडलेल्या लेखकांसाठी एक कायम निधी असावा, ही कल्पना त्यांच्या मनात फार पूर्वीपासून घोळत होती. मित्रमंडळींना ती पटे, पण पैसा उभा राहत नसे. सिडनहॅम यांच्या मृत्यूनंतर त्यांनी पुन्हा उचल खाल्ली. जाहिराती दिल्या, वर्गणी गोळा केली आणि अखेर १७९० मध्ये निधीचे काम रीतसर सुरू झाले. पहिली मदत मिळाली ती एडवर्ड हारवुड या बायबलच्या अभ्यासकाला. १८१८ साली निधीला राजाची सनद मिळाली. परंतु ती पाहण्यास विल्यम्स हयात नव्हते. दोन वर्षांपूर्वीच, १८१६ मध्ये, ते वारले होते. त्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे निधीच्याच घरात गेली.

आता या निधीची कामाची पद्धत पाहू. अर्जदाराच्या नावावर प्रकाशित पुस्तक असले पाहिजे, त्याची निकड खरी असली पाहिजे आणि त्याला ओळखणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्तींनी तशी ग्वाही दिली पाहिजे. अर्जदार कोणत्या देशाचा, कोणत्या पंथाचा वा कोणत्या राजकीय पक्षाचा, हे पाहावयाचे नाही. लेखक मरण पावला असेल तर त्याच्या विधवेला आणि मुलांनाही मदत द्यावयाची. दिलेली रक्कम कर्ज म्हणून नसे. ती परत मागितली जात नसे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मदत घेणाऱ्याचे नाव बाहेर फोडावयाचे नाही. लेखकाचे भांडवल म्हणजे त्याचे नाव. तेच चारचौघांत हलके झाले, तर दिलेल्या पैशाचा उपयोग काय? उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे आपण म्हणतो. या संस्थेने ती गोष्ट कचेरीच्या नियमात बसविली.

या मदतीचे फळ काय मिळाले, हे काही नावांवरून कळते. १७९६ साली सॅम्युएल टेलर कोलरिज हा तेवीस वर्षांचा तरुण कवी संसाराच्या ओढाताणीत होता. निधीने त्याला दहा गिनी दिल्या. एक गिनी म्हणजे एक पौंड आणि एक शिलिंग. पुढे दोनच वर्षांनी, १७९८ मध्ये, वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि इंग्रजी काव्याने नवे वळण घेतले. फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळे परागंदा होऊन लंडनला आलेला शातोब्रियाँ हाही या निधीच्या मदतीचा धनी झाला. नंतर १८२२ साली तोच शातोब्रियाँ फ्रान्सचा राजदूत म्हणून लंडनला आला आणि निधीच्या वार्षिक मेजवानीस पाहुणा म्हणून हजर राहिला. जन्माने पोलिश असलेल्या जोसेफ कॉनरॅड यांना १९०२ मध्ये तीनशे पौंड मिळाले. खाणकामगाराचा मुलगा आणि एके काळचा शाळामास्तर डी. एच. लॉरेन्स याला १९१४ मध्ये पन्नास पौंड देण्यात आले. जेम्स जॉईस हा इटालियन भाषिक त्रिएस्त शहरात इंग्रजी शिकवून पोट भरीत असे. पहिल्या महायुद्धामुळे ते शहर सोडून तो कुटुंबासह झुरिकला आला. १९१५ मध्ये कवी येट्स आणि एझ्रा पाउंड यांनी त्याच्यासाठी रदबदली केली आणि निधीने त्याला पंचाहत्तर पौंड दिले. त्याची ‘युलिसिस’ ही कादंबरी १९२२ मध्ये बाहेर पडली. केवळ या पैशामुळे हे ग्रंथ लिहिले गेले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु उपाशी माणसाच्या हातून लेखणी गळून पडते, एवढे तरी कोणीही मान्य करील.

संस्था चांगली असली म्हणजे तिच्यावर टीका होत नाही, असे नाही. या निधीवर सर्वांत कडक टीका केली ती चार्ल्स डिकन्स यांनी. १८५५ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मुद्दा लावून धरला. जो पैसा लेखकांच्या नावाने जमतो, त्यातील बराचसा कचेरी आणि पगार यांवर का खर्च व्हावा? १८५८ मध्ये त्यांनी या विषयावर एक पुस्तिकाही काढली. निधीच्या चालकांचे म्हणणे असे की, अर्जांची नीट चौकशी करावयाची आणि गुप्तताही पाळावयाची, तर त्याला खर्च येणारच. सभासदांच्या बहुमताने चालकांची बाजू उचलून धरली आणि डिकन्स हरले. परंतु त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला असा हिशेब विचारणारा सभासद भेटला पाहिजे.

याच सुमारास डिकन्स आणि बुल्वर लिटन यांनी स्वतःची एक निराळी योजना आखली होती. १८५१ साली लिटन यांनी लिहिलेल्या नाटकाचा प्रयोग डिकन्स आणि मित्रमंडळींनी केला. त्यास व्हिक्टोरिया राणी उपस्थित होती. अशा प्रयोगांतून जमलेल्या पैशातून लेखक व कलावंत यांच्यासाठी लंडनबाहेर स्टीव्हनेज येथे घरे बांधण्यात आली. १८६५ मध्ये घरे तयार झाली, पण राहावयास कोणी येईना. धर्मादाय वस्तीत राहणारा लेखक, अशी जगजाहीर ओळख घेऊन जगणे लेखकांना रुचले नाही. शेवटी १८९७ मध्ये ती संस्था मोडली आणि तिच्या शिल्लक रकमेचा एक भाग ज्या निधीवर डिकन्स यांनी टीका केली होती त्याच निधीकडे आला. दोन्ही संस्थांचे हेतू चांगले होते. मग एक टिकली आणि दुसरी बुडाली, असे का व्हावे? मला वाटते, पहिलीने लेखकाला त्याच्या घरी, गुपचूप, त्याच्या गरजेपुरते दिले. दुसरीने त्याला घर दिले, पण त्या घरावर जणू पाटी लागली.

विसाव्या शतकात निधीला एक अनपेक्षित आधार मिळाला. ए. ए. मिल्न या लेखकाने १९२६ मध्ये ‘विनी द पू’ नावाच्या अस्वलाच्या गोष्टी लिहिल्या. जगभर मुलांनी त्या डोक्यावर घेतल्या. १९५६ मध्ये मिल्न वारले, तेव्हा त्या पुस्तकांच्या मानधनाचा एक हिस्सा त्यांनी या निधीच्या नावे लिहून ठेवला होता. २००१ मध्ये ते हक्क डिस्ने कंपनीने विकत घेतले आणि निधीकडे मोठी रक्कम आली. १९९९ पासून निधीने आणखी एक उपक्रम चालविला आहे. व्यावसायिक लेखकांना मानधन देऊन विद्यापीठांत पाठविले जाते आणि ते विद्यार्थ्यांना एकेकट्याने बसवून चांगले कसे लिहावे हे विनामूल्य शिकवितात. लेखकाचे घर चालते आणि विद्यार्थ्याच्या निबंधाचीही सुधारणा होते.

पालक बंधुभगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो, ही हकिगत परदेशातील असली तरी तिच्यातील प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कित्येक मुलांची मान खाली जाते. उत्पन्नाचा दाखला चार लोकांसमोर पुढे करताना बापाचा आवाज बारीक होतो. अशा वेळी कोलरिज, कॉनरॅड आणि जॉईस यांनीही असाच अर्ज लिहिला होता, हे आठवावे. खऱ्या गरजेपोटी मागण्यात कमीपणा नाही. देणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, मदतीबरोबर घेणाऱ्याची इज्जत शाबूत राहिली, तरच ती मदत पुरी झाली. आणि ज्यांना मदत मिळाली, त्यांनी आपल्या पायांवर उभे राहिल्यावर निधीत आपला वाटा टाकावा. डेव्हिड विल्यम्स यांनी लोकांच्या वर्गणीतून उभा केलेला निधी अशाच देणाऱ्यांच्या बळावर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ टिकला आहे.