अंगावर काढलेले दुखणे

दुखणे अंगावर काढणे हा वाक्प्रचार आपल्याकडे कौतुकाने वापरला जातो. अंगात ताप असता पाळीवर जाणाऱ्या कामगाराची आपण वाहवा करतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे; ती वाहवा आम्हीही पुष्कळ केली. ज्या एका दुखण्याने ही समजूत मुळापासून हलविली, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, आणि शाळाही आमची लवकर सुटली. जे कळले ते वाचून आणि जाणत्यांना विचारून कळले.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधील एका ओतकामगाराला खोकला वा शिंक आली, की डोक्याच्या मागच्या बाजूस जबर कळ येई आणि थोड्या वेळाने ओसरे. वजन उचलतानाही तेच. मान अवघडली असेल म्हणून तेल चोळून त्याने वर्षे काढली. डॉक्टरकडे जावे तर खाडा, आणि खाडा म्हणजे पगाराला कात्री! पुढे एके दिवशी तापलेल्या लोखंडावर त्याचा उजवा हात टेकला. कातडी करपल्याचा वास शेजारच्याला आला, पण त्याला स्वतःला काही कळले नाही. लागलीच कुजबुज सुरू झाली, की हा महारोग. त्याच्या पेल्याने कोणी पाणी पिईना. आम्हीही त्या दिवसांत त्याच्यापासून दोन हात दूर बसलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

ही चूक आमच्याआधी मोठमोठ्यांनी केलेली आहे. 1883 साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील मॉर्वां या डॉक्टराने अशा रोग्यांचे वर्णन केले, की ज्यांच्या बोटांना नखुर्डे होऊन ती विद्रूप होत, परंतु दुखत नसत. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या झांबाको नावाच्या डॉक्टराने हा महारोगच होय असे ठासून सांगितले. पण अशा रोग्याच्या शवचिकित्सेत मज्जारज्जूमध्ये लांबट पोकळी आढळली. या विकाराला सिरिंगोमायेलिया म्हणतात. ग्रीक भाषेत सिरिंक्स म्हणजे पावा. वेदना आणि उष्णता यांची वार्ता नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्यातून पलीकडे जातात, म्हणून पोकळी प्रथम त्यांनाच तोडते. स्पर्शाची वाट मागच्या बाजूने जाते, ती पुष्कळदा शाबूत राहते. अशा माणसाला आगपेटी हाताला लागते, पण काडीचा चटका लागत नाही. कुष्ठरोगात नस बिघडते आणि स्पर्शही जातो. तोही आज औषधांनी बरा होतो. दूर बसण्याचे कारण तेव्हाही नव्हते.

ही पोकळी का व्हावी? त्याचा एक मोठा धागा प्रागमध्ये सापडतो. तेथील जर्मन विद्यापीठात हान्स कियारी हे शवचिकित्सेचे प्राध्यापक होते. लहान मेंदूची खालची टोके कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेत उतरलेली त्यांना दिसली, आणि 1891 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांनी या विकृतीचे अनेक प्रकार सांगितले. आम्ही बोलतो तो पहिला. मेंदूत साचलेले पाणी ही टोके खाली ढकलते, असा त्यांचा तर्क होता. आता असे दिसते, की पुष्कळ रोग्यांत कवटीचा मागचा कप्पाच जन्मतः अपुरा असतो. मेंदूभोवतीचे पाणी हृदयाच्या ठोक्यागणिक या छिद्रातून खालीवर होत असते. छिद्रात बूच बसले की ते अडते. खोकल्याने दाब एकदम वाढला, की कळ उठते. आणि हाच अडथळा पुढे मज्जारज्जूत पोकळी करू शकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. कियारींनी वर्णिलेली पहिली रोगी सतरा वर्षांची मुलगी होती. ती विषमज्वराने वारली. लहान मेंदूची तिची काहीच तक्रार नव्हती. म्हणजे टोके उतरलेली असूनही माणूस सुखाने जगू शकतो. केवळ चित्रात दिसले म्हणून शस्त्रक्रिया करावयाची नसते. कित्येकांना नुसती देखरेख पुरते.

हे चित्र जिवंतपणी दिसू लागले ते फार उशिरा. 1950 साली अमेरिकेत गार्डनर यांनी प्रौढ रोग्यांवरील शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हाही निदान अवघडच होते. 1973 साली लाउटरबर यांनी चुंबकाच्या साहाय्याने शरीराच्या आतील चित्र काढण्याची रीत मांडली. 2003 साली त्यांना मॅन्सफील्ड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातूनच आजचा एमआरआय आला.

मग जावे केव्हा? खोकताना, शिंकताना, वजन उचलताना डोक्याच्या मागे कळ येऊ लागली, तर तेल चोळीत बसू नये. हाताला चटका कळेनासा झाला, मूठ सैल पडली, बोटांमधले मांस झडू लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर पुढच्या पगाराची वाट पाहू नये. गिळताना ठसका लागू लागला, श्वास अडू लागला, लघवी तुंबली किंवा हातपाय एकाएकी लुळे पडले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. शस्त्रक्रियेत कवटीच्या मागचे थोडे हाड काढून जागा करतात. खोकल्याची कळ तिने बहुधा जाते. गेलेली संवेदना आणि झडलेले मांस मात्र पुष्कळदा परत येत नाही. उशिराची किंमत ती हीच.

आमच्या मित्राची कळ गेली. उजव्या हाताला चटका अजून कळत नाही. चहाचा पेला तो आधी डाव्या हाताने चाचपतो. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने विमेदार कामगाराला उपचार आणि आजारपणाचा रोख भत्ता दिला. पण हजेरीपटावर ज्याचे नावच नाही त्याचा खाडा कोण भरून देणार? तो प्रश्न चळवळीने सोडविल्यावाचून दुखणे अंगावर काढू नका असे सांगण्याचा पुरता अधिकार आम्हांला नाही. तरीही आम्ही सांगतो, कारण एकदा आम्ही गप्प बसलो होतो.