शून्य म्हणजे दहा

१९७५ साली महाराष्ट्रात दोन बॅचेस एकदम मॅट्रिक झाल्या. जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली. आम्ही दहावीवाले. अकरावीची पोरं आम्हाला कच्चं लिंबू म्हणायची. त्याला २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली, तेव्हा वर्गातल्या एकानं फर्मान काढलं, "एवढ्या वर्षांत काय केलंस ते दहा ओळींत लिही." दहा ओळींत काही बसेना, म्हणून हे इथं लिहितोय.

आमचं गाव वाईच्या पलीकडचं. नाना प्राथमिक शिक्षक, दर एकादशीला देवळात पेटी घेऊन बसायचे. तबल्याला मी. तबला मला फार काही येत नव्हता, पण नानांना माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा ठेका चालायचा नाही. मी पुण्याला निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एकादशीला येत जा."

१९७९ ला टेलिफोन खात्यात टेक्निशियन म्हणून लागलो. तेव्हाचं एक्स्चेंज आजच्या मुलांना सांगूनही खरं वाटणार नाही. स्ट्राउजर म्हणायचे त्याला. लोखंडी रॅक, आणि त्यावर ओळीनं सिलेक्टर. तुम्ही घरी डायल फिरवून सोडलीत की जेवढा आकडा तेवढे विजेचे ठोके यायचे, सेकंदाला साधारण दहा. सिलेक्टर तेवढ्या पायऱ्या टकटक वर चढायचा आणि मग आडवा फिरून मोकळी वाट शोधायचा. एकाचा एक ठोका, नवाचे नऊ, आणि शून्याचे दहा! म्हणजे झपतालाच्या बरोब्बर दहा मात्रा. रात्रपाळीला एकटाच असलो की मी मांडीवर दोन-तीन-दोन-तीन धरायचो. मशीन मात्र सम कधी दाखवायचं नाही. (हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवा.")

एकादशीला जाणं हळूहळू सुटलं. पाळ्या, लग्न, मुलगी... कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती.

डिसेंबर १९८३. सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रात्रभर चालायचा. शेवटच्या रात्रीसाठी मी पाळी बदलून घेतली. पहाटे भीमसेनजी ऐकले. शेवटी सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेतली भैरवी झाली, चहा झाला, आणि डोक्यात सूर घोळवत सकाळी सरळ एक्स्चेंजला गेलो. माझ्या जागी बसलेला मित्र दारातच उभा होता. रात्री एकच्या सुमारास तालुक्याहून धाकट्याचा लाइटनिंग कॉल आला होता. साध्या कॉलच्या आठपट पैसे भरून केलेला. नाना गेले होते. घरी फोन नव्हता, दुसऱ्यांचे फोन जोडणाऱ्याच्या घरी! मित्रानं शोधायला माणूस पाठवला होता, पण त्या गर्दीत मी कुठं बसलोय ते त्याला काय ठाऊक. मी घरी पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. अग्नी धाकट्यानं दिला.

त्यानंतर मी तबल्याला हात लावला नाही. डग्गा-तबला गावीच राहिला. सवाईलाही गेलो नाही. त्यात गाण्याचा काय दोष, असं सगळे म्हणाले. मलाही कळत होतं, पण कळून काय उपयोग?

नोकरीचं सांगायचं तर स्ट्राउजर जाऊन डिजिटल आलं आणि एक्स्चेंज एकदम गप्प झालं, नुसता एसीचा आवाज. १९९५ ला मोबाइल आला. १ ऑक्टोबर २००० ला आमच्या खात्याचं महामंडळ झालं. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. मी २०१९ ला निवृत्त झालो. मधली वर्षं कष्टाची होती, पण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

निवृत्तीनंतर पहिल्याच एकादशीला गावी गेलो. देवळात धाकटा पेटीवर बसला होता. नानांची पेटी तो वाजवतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शेजारी डग्गा-तबला मांडून ठेवलेला, पुडी नवी. मी विचारलं, "कोण वाजवतं?"

"दर वर्षी पुडी बदलून घेतो," तो म्हणाला. "बस."

झपताल धरला. पाचव्या मात्रेला चुकलो. त्यानं पेटी थांबवली नाही.